दुसरी फळी

रोवेना हेलच्या हिरव्या गाऊनच्या गळ्याला आतल्या बाजूने एक तपकिरी डाग पडला होता, आणि तो तिचा नव्हता.

डाग म्हणजे काही फार नव्हता, डाळीच्या दाण्याएवढा. कपडेपटातल्या बायकांना तो दिसला नसता, आणि दिसला असता तरी त्यांनी पुसून टाकून तोंड बंद ठेवलं असतं. पण जिचं सगळं आयुष्य कॅमेऱ्यापुढे गेलं, तिला आधी डाग दिसतो आणि मग कपडा. तिने तो नखाने खरवडला, नाकाशी नेला. भुवया कोरायची पेन्सिल. भुवयांची पेन्सिल गळ्यापर्यंत कशी उतरली, एवढं जरी तिने तेव्हा स्वतःला विचारलं असतं, तरी पुढचं रामायण टळलं असतं. पण एकदा संशय शिरला की माणसाला ‘कसं’ आणि ‘कशाला’ हे प्रश्न सुचत नाहीत. त्याला फक्त ‘कोण’ एवढंच सुचतं.

“डॉट, माझा गाऊन कोणी घातला होता?”

डॉट तिचे केस करायची. तोंडात पिना धरूनही अखंड बडबडू शकणारी साऱ्या स्टुडिओत ही एकटीच.

“कोण घालणार, बाई? तुमच्या कपड्यांत मावणारी दुसरी आहे का कोणी या गावात?”

“आहे,” रोवेना म्हणाली. “एक आहे.”

डॉटने आरशातून तिच्याकडे पाहिलं आणि तोंडातल्या पिना काढून हातात घेतल्या. “पर्ल? छे हो! ती तर गरीब गाय.”

“लाथ बसते ती गरीब गायीचीच. मारकीपासून आपण आधीच लांब राहतो.”

पर्ल ओडेगार्ड ही रोवेनाची बदली. एका दृश्यासाठी दिवे लावायचे म्हणजे तास तास मोडतो. तेवढा वेळ नटीला त्या भट्टीत उभी केली तर तिचा रंग वितळून छातीवर येईल. म्हणून तिच्याच उंचीची, तिच्याच केसांची एक बाई तिच्या जागी उभी करतात, तिच्यावर दिवे जुळवतात, आणि सगळं जमलं की तिला बाजूला काढतात. जमिनीवर निळ्या पट्टीची खूण असते. सहायक दिग्दर्शक गिलफॉयल हा जन्मजात भोंगा. तो ओरडायचा, “दुसरी फळी!” की पर्ल जाऊन खुणेवर उभी राहायची. दिवे झाले की ओरडायचा, “पहिली फळी!” की पर्ल बाजूला व्हायची आणि रोवेना त्याच खुणेवर पाय ठेवायची. अकरा वर्षं हे असंच चाललं होतं. जाता-येता दोघींची एक ठरलेली थट्टाही होती.

“कशी आहे जागा?” रोवेना विचारायची.

“शेकून ठेवलीय, मिस हेल,” पर्ल म्हणायची आणि आपल्या लाकडी स्टुलावर जाऊन बसायची.

पर्ल मिनेसोटाकडची. तिकडची माणसं कमी बोलतात आणि जास्त बघतात. इतकी वर्षं रोवेनाला तिचं ते गप्प राहणं फार आवडायचं. आता तेच तिला खुपायला लागलं.

कारण वेळच तशी होती. रोवेनाच्या कराराचा हा शेवटचा चित्रपट. करार वाढवायचा की नाही, हे स्टुडिओचे मालक मिस्टर झायग्लर ठरवणार होते. पूर्वी असल्या गोष्टी हसत हसत उरकायच्या. पण युद्धानंतर दिवस पालटले. लोक घरी बसून टेलिव्हिजन बघायला लागले, थिएटरं ओस पडली, आणि ज्यांच्या नावावर रांगा लागायच्या अशा बायका एकेक करून घरी बसल्या. या चित्रपटात रोवेना अठ्ठावीस वर्षांच्या नववधूचं काम करत होती. स्टुडिओच्या हिशेबाने ती चौतिशीची होती. खरं वय नेब्रास्कातल्या एका चर्चच्या दप्तरात होतं, आणि ते चर्च जळालं तर बरं असं तिला कधी कधी वाटायचं.

या आधीचे दोन महिने मात्र तिच्यावर देव प्रसन्न होता. रोज संध्याकाळी आदल्या दिवसाचं चित्रण बघताना ती स्वतःवरच खूश व्हायची. काय दिसत होती! गळा कसा, गाल कसे! पूर्वी ऑटो, तिचा कॅमेरावाला, भिंगावर जाळीचं कापड लावायचा, म्हणजे चेहरा मऊ दिसावा. आता तो जाळी लावत नव्हता, आणि तरी ती पोरसवदा दिसत होती. हे श्रेय तिने ताकाला आणि लेट्यूसच्या पानांना दिलं. थोडं मालिशवालीलाही दिलं. आपल्याला फुकट मिळालेल्या गोष्टीचं श्रेय माणूस आधी आपल्या पथ्यालाच देतो.

आणि अशा ऐन मोक्याला हा डाग.

“आता तुम्ही विषय काढलाच आहे म्हणून सांगते,” डॉट म्हणाली. तिला सांगायचंच होतं. “गेल्या रविवारी चर्चहून येताना ऑटोची गाडी दिसली मला. मागच्या फाटकातून आत शिरत होती. शेजारी पर्ल. मी म्हटलं, चला, म्हातारा चळला!”

“रविवारी?”

“हो. स्टुडिओत तर रविवारी चिटपाखरू नसतं. मी आपलं कुणाला बोलले नाही. मला काय करायचंय!”

डॉट कुणाला बोलली नाही म्हणजे निम्म्या गावाला ठाऊक होतं. पण रोवेनाचं तिकडे लक्षच नव्हतं. रविवार, रिकामा स्टुडिओ, दुसरीचा गाऊन आणि ऑटोचा कॅमेरा. या चार गोष्टी एकत्र आल्या की काय होतं, हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

वीस वर्षांपूर्वी ती रोवेना हेल नव्हती. रोझी ह्लावाच होती, घोळक्यात नाचणाऱ्या पोरींपैकी एक. तेव्हाची महाराणी होती इनेझ कॉर्डेल. एका रविवारी रोझीने इनेझचा चंदेरी गाऊन अंगावर चढवला, ऑटोने गुपचूप कॅमेऱ्यावर तिची टेस्ट घेतली आणि सोमवारी ते रीळ मालकांनी पाहिलं. आठवड्याभरात इनेझची ‘तब्येत बिघडली’ असं वर्तमानपत्रात आलं. कानामागून आली आणि तिखट झाली, असं तेव्हा इनेझची माणसं म्हणायची, आणि रोझीने ते हसण्यावारी नेलं होतं. आता हसू येत नव्हतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच.

मग ती पर्लकडे नीट बघायला लागली, आणि बघावं तिथे पुरावे सापडायला लागले. पर्ल पूर्वी दुपारी तिच्या खोलीच्या पायरीवर बसून आपलं अंड्याचं सँडविच खायची. आता जेवणाची सुट्टी झाली की गायब. आणि तिचं ते बघणं! डॉट केस विंचरत असताना पर्ल दाराशी उभी राहून रोवेनाच्या तोंडाकडे टक लावून बघायची. हसली की बघायची, मान वळवली की बघायची. जणू पाठांतर करत होती.

“काय बघतेस गं?” रोवेनाने एकदा फटकन विचारलं.

पर्ल दचकली. “काही नाही, मिस हेल. छान दिसताय.”

“ते मला ठाऊक आहे. तू काय बघतेस ते विचारलं.”

पर्ल लाल झाली आणि निघून गेली. निघून गेली म्हणजे पाणी मुरतंय, असं रोवेनाने ठरवून टाकलं. ती थांबून उत्तर देती, तरी हिने तेच ठरवलं असतं.

पुढच्या रविवारी रोवेना स्वतः स्टुडिओत गेली. डोक्याला रुमाल, डोळ्यांवर काळा चष्मा, अंगात माळ्याच्या बायकोचा असावा तसला कोट. आपल्याला कोणी ओळखणार नाही याची तिला खात्री होती. फाटकावरच्या पहारेकऱ्याने टोपी काढली आणि म्हणाला, “आज सुट्टीच्या दिवशी काम का, मिस हेल?”

ती तशीच आत शिरली. सहा नंबरच्या दालनाबाहेर ऑटोची गाडी उभी होती आणि दारावरचा लाल दिवा लागलेला होता.

लाल दिवा म्हणजे आत कॅमेरा चालू आहे. तो लागला की दार उघडायचं नाही. बायको बाळंत होत असली तरी उघडायचं नाही, आग लागली तरी आधी दिवा विझायची वाट बघायची, असं आमच्या या गावात गमतीने म्हणतात आणि पाळतातही. रोवेना वीस वर्षं या गावचं मीठ खात होती. तिचा हात कडीपर्यंत गेला आणि तिथेच थांबला. आत तिचा खून ठरत होता अशी तिची खात्री होती, तरी तिच्याने कडी ओढवली नाही. ती दाराला कान लावून उभी राहिली.

“पुन्हा,” ऑटोचा आवाज. म्हाताऱ्याचा तो जड, जर्मन वळणाचा आवाज. “मान वळव. हळू. हं... अजून हळू. बस! आता बघ. गेलं की नाही? वीस वर्षांची दिसतेयस, वीस वर्षांची!”

“खरंच?” पर्ल हसली. अकरा वर्षांत रोवेनाने तिला इतकं मोकळं हसताना ऐकलं नव्हतं.

“आता कितीही जवळून घेऊ दे. झायग्लर बघतच राहील.”

दार उघडलं असतं तर तिला काय दिसलं असतं, हे शेवटी तिला कळलंच. पण दिवा लाल होता. ती तशीच मागे फिरली, गाडीत बसली आणि चाकावर डोकं टेकून रडली. राग तर होताच, पण जास्त करून भीती होती. घरी परत जायला तिला नेब्रास्का उरलं नव्हतं आणि दुसरं कुठलंच कसब तिच्यापाशी नव्हतं. तिला फक्त उजेडात उभं राहता येत होतं.

सोमवारी सकाळी तिने पर्लला खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

“रविवारी कुठे होतीस?”

पर्लने बोटं एकमेकांत गुंतवली. “घरी.”

“खोटं बोलायचं तर निदान माझ्याकडून शिकून तरी घ्यायचंस. ऑटोबरोबर होतीस. माझा गाऊन घालून.”

पर्लची नजर खुंटीवरच्या हिरव्या गाऊनकडे गेली.

“टेस्ट होती ना?”

“तुम्हाला वाटतंय तसं नाही, मिस हेल.”

“मग कसं आहे ते सांग.”

“नाही सांगता येत. ऑटोला शब्द दिलाय.”

“शब्द! माझी मीठ-भाकरी खायची आणि शब्द त्याला द्यायचा?”

“तुमच्या भल्याचंच आहे. एवढंच सांगते.”

“माझ्या भल्याचं मी बघेन. इनेझ कॉर्डेललाही मी हेच सांगितलं होतं, ठाऊक आहे? ‘तुमच्या भल्याचंच आहे, बाई, तुम्हाला विश्रांती मिळेल.’ तुझी शाळा नवीन असेल, पण मास्तरीण मी आहे. चालती हो. उद्यापासून तोंड दाखवू नकोस.”

पर्लच्या डोळ्यांत पाणी आलं, पण आवाज हलला नाही. “अकरा वर्षं तुमच्या जागी उभी राहिले, मिस हेल. तुमच्या खुर्चीत एकदा तरी बसले का, ते सांगा.”

रोवेनाने दाराकडे बोट दाखवलं. तिची खुर्ची पाठीवर नाव लिहिलेली, कापडी. इतर नट्यांच्या बदली बायका आपापल्या नटीची पाठ फिरली की अशा खुर्चीत टेकायच्या. पर्ल कायम आपल्या लाकडी स्टुलावर. हे रोवेनाला आठवलं. पण रागाच्या भरात आठवलेल्या चांगल्या गोष्टीला काही किंमत नसते, उलट त्यामुळे राग वाढतो.

दुपारच्या सुट्टीत ती तशीच झायग्लरांच्या कचेरीत गेली. झायग्लर पोटाच्या दुखण्यामुळे दुधात बुडवून बिस्किटं खात होते. तिला बघून त्यांनी हात पसरले.

“ये, पोरी, ये! शंभर वर्षं आयुष्य आहे तुला. आत्ता तुझंच नाव काढलं होतं. शनिवारचं चित्रण बघितलं मी. अगं, काय खातेस तरी काय? दिवसेंदिवस लहान होत चाललीयस! वकिलाला सांगून टाकलंय. शुक्रवारी सह्या. तीन वर्षं आणखी, आणि पैशाचं काही बोलायचं नाही, तू म्हणशील ते.”

जे मागायला ती महिनाभर देवाच्या दारात उभी होती, ते हातात पडलं होतं. उठून, गोड हसून, घरी गेली असती तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. तिला त्या गोड बोलण्यातही वास यायला लागला. इनेझलाही असंच गोड बोलले असतील, नाही का?

“मग माझ्या पाठीमागे पर्लची टेस्ट कशाला घेतली?”

“कोण पर्ल?”

“माझी बदली. ऑटोने रविवारी टेस्ट घेतली तिची, सहा नंबरात. माझ्या गाऊनमध्ये. तुम्हाला ठाऊक नाही म्हणता?”

झायग्लरांचं बिस्किट दुधात पडलं. त्यांना खरंच ठाऊक नव्हतं, आणि आपल्या स्टुडिओत आपल्याला ठाऊक नसलेलं काही चालतं, यासारखा दुसरा अपमान त्यांच्या लेखी नव्हता. “माझी फिल्म, माझे दिवे, आणि मला न विचारता?” त्यांनी फोन उचलला. ऑटोला बोलावलं. फिल्म धुणाऱ्या प्रयोगशाळेला सांगितलं, रविवारचं जे काही असेल ते रीळ वर पाठवा.

ऑटो धापा टाकत आला. रोवेनाला तिथे बघून त्याचा चेहरा उतरला.

“रोझी,” तो म्हणाला. तिला रोझी म्हणणारा आता तो एकटाच उरला होता. “काय केलंस तू हे?”

“मी? मी केलं? वा रे वा!”

“तक्रार मागे घे. ऐक माझं. नंतर सगळं सांगतो.”

“का? पाचावर धारण बसली का आता?”

ऑटोने तिच्याकडे पाहिलं, मग झायग्लरांकडे, मग आपल्या टोपीकडे. आणि एकदम म्हणाला, “ठीक आहे. मिस्टर झायग्लर, मी कबूल करतो. पर्लची टेस्टच घेतली मी. न विचारता घेतली. चूक झाली. मला आज काढून टाका आणि ते रीळ जाळा. बघण्यासारखं त्यात काही नाही.”

झायग्लरांनी घड्याळ बघितलं. त्यांना भूक लागली होती आणि भांडणाचा कंटाळा आला होता. “बघ, रोवेना, माणूस कबूल झाला. तीस वर्षं इथे काम केलेला माणूस आहे, पण तू म्हणतेस तर काढतो. झालं ना समाधान? आता जेवायला जाऊ दे मला.”

आता तरी थांबायचं. पण तिला इतका सहज मिळालेला विजय नको होता. म्हातारा इतक्या लवकर कबूल का झाला? त्या रिळात असं काय होतं, की त्यासाठी माणूस नोकरीवर पाणी सोडतो? पर्ल तिच्यापेक्षा इतकी सरस दिसत होती का?

“नाही,” ती म्हणाली. “मला बघायचंय. आणि तुम्हीही बघायचं. माझ्यासमोर.”

ऑटोने डोळे मिटून घेतले.

खालच्या छोट्या दालनात ते तिघे बसले. दिवे गेले, पडदा उजळला.

पडद्यावर पर्ल आली, हिरव्या गाऊनमध्ये. आवाज नव्हता, नुसतं चित्र. साधी, गोरी, मोकळ्या चेहऱ्याची बाई. रोवेनाच्या मनात आलं, एवढंच? हिच्यात आहे काय? मग चित्र तुटलं आणि पुन्हा सुरू झालं.

“ही म्हातारी कोण?” झायग्लरांनी विचारलं.

पर्लच होती ती. पण कोणीतरी तपकिरी पेन्सिलीने तिच्या तोंडावर रेघा काढल्या होत्या. ओठांच्या दोन्ही बाजूंना दोन. डाव्या डोळ्याखाली एक सुजलेली पिशवी, उजव्या डोळ्याखाली नाही. गळ्यावर आडवी घडी, आणि तिच्याखाली दुसरी, अर्धी, कानाकडे जाणारी. पर्लने मान वळवली. घडी खोल गेली.

रोवेनाने गळ्यावर हात ठेवला. ती अर्धी घडी तिला ठाऊक होती. ती फक्त सकाळी दिसायची, न्हाणीघरात, दार लावून घेतल्यावर. साऱ्या जगात ती आपल्या एकटीलाच ठाऊक आहे असं तिला वाटत होतं. पर्लने दाराशी उभं राहून ती पाठ केली होती आणि रविवारी आपल्या गळ्यावर काढून घेतली होती.

पडद्यावर ऑटोचा हात आला. त्याने एक दिवा खाली ओढला, एक पत्र्याचा तुकडा तिरपा धरला. पर्लने मान वळवली. अर्धी घडी गेली. पुन्हा हात आला, हनुवटीखाली एक लहानसा दिवा सरकला. दुसरी घडी गेली. मग डोळ्याखालची पिशवी. मग ओठांच्या रेघा, आधी एक, मग एक. ऑटो पुसत काहीच नव्हता, नुसता उजेड हलवत होता, आणि रेघा तिथेच असून दिसेनाशा होत होत्या. शेवटी पडद्यावर एक वीस वर्षांची मुलगी उभी होती. ती कॅमेऱ्यामागच्या माणसाकडे बघून खळखळून हसली आणि काहीतरी बोलली. रोवेनाला ओठ वाचता यायचे, मूकपटांवर वाढलेली पोर ती. पर्ल म्हणत होती, “मिस हेल किती खूश होतील!”

रीळ संपलं. दालनातला दिवा लागला. छतातून लोंबणारा उघडा, नागडा दिवा. ऑटोने कधी लावला नसता असला.

 झायग्लर सावकाश वळले आणि त्यांनी रोवेनाकडे पाहिलं. वीस वर्षं ते तिला बघत आले होते, पण बघत म्हणजे पडद्यावर. ते उठून जवळ आले. त्यांच्या बोलण्यात राग मुळीच नव्हता, आणि तेच वाईट होतं.

“मान वळव बघू जरा. डावीकडे.”

सांगितलं की वळायचं, ही वीस वर्षांची सवय. तिने वळवली.

“हं,” झायग्लर म्हणाले.

दारापर्यंत जाऊन ते थांबले. “ऑटो, तुझ्यासारखा माणूस या गावात दुसरा नाही. नोकरीवरून कोण काढतंय तुला! जा, कामाला लाग, चित्रपट पुरा कर. आणि पोरी, त्या बाईला काढायचं म्हणत होतीस ना? तुझ्या मनासारखं होईल.” शुक्रवारचं ते काही बोलले नाहीत.

ते गेल्यावर रोवेना खुर्चीतून उठलीच नाही. “मला सांगितलं का नाहीस?” तिने विचारलं.

“सांगून काय झालं असतं? रोज आरशात तेवढंच शोधत बसली असतीस.” ऑटो टोपीची कड फिरवत होता. “रेघेवर माझ्याकडे दिवा आहे, रोझी. भीती चेहऱ्यावर आली की तिच्यावर नाही.”

तिने पर्लकडे माणूस पाठवला. पर्ल दुपारच्या गाडीनेच बहिणीकडे मिनेसोटाला निघून गेली होती. स्टूल तेवढं मागे ठेवलं होतं, कारण ते स्टुडिओचं होतं.

आमच्या गावात ‘नाही’ असं कोणी तोंडावर म्हणत नाही. शुक्रवारी वकील आला नाही. त्याऐवजी झायग्लरांकडून ऑर्किडची मोठी परडी आली, आणि डॉट ती बघून, तोंडात एकही पिन नसताना, गप्प राहिली.

चित्रपटाचे शेवटचे काही तुकडे बाकी होते, सगळे जवळून घ्यायचे. सोमवारी एक नवी मुलगी बदली म्हणून आली. उंची बरोबर, केस बरोबर. गिलफॉयल ओरडला, “दुसरी फळी!” मुलगी च्युइंगम चघळत निळ्या पट्टीवर जाऊन उभी राहिली. ऑटोने एक दिवा लावला, दुसरा लावला, आणि मग हात खाली सोडले. त्या गुळगुळीत चेहऱ्यावर तो लपवणार काय होता?

रोवेना आपल्या खुर्चीतून उठली. “हो बाजूला, बाळ,” तिने मुलीला सांगितलं आणि ती स्वतः खुणेवर जाऊन उभी राहिली. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. नटी दिव्यांसाठी उभी राहते, हे कुणी पाहिलंही नव्हतं.

“लाव,” ती ऑटोला म्हणाली. “सगळं बघून लाव. काही लपवू नकोस.”

मग तिला कळलं की पर्लची नोकरी काय होती. दिवे अंगावर येत होते आणि हलायचं नव्हतं. घाम पाठीवरून उतरत होता, पुसायचा नव्हता. पाय सुजत होते. तोंडासमोर माणसं वावरत होती, जेवणाचं, घोड्यांच्या शर्यतीचं बोलत होती, तिच्या खांद्यावरून तारा ओढत होती, आणि कुणालाही ती दिसत नव्हती. फक्त ऑटो बघत होता. “थोडी डावीकडे, रोझी. हनुवटी खाली. हं. आता गेलं.” तो एकेक घडी मिटवत होता आणि ती एकेक घडी मोजू देत होती. किती वेळ गेला कोण जाणे. तिला वाटलं, आपण इथे कायमच अशा उभ्या होतो.

शेवटी ऑटो कॅमेऱ्यामागून बाहेर आला आणि त्याने मान हलवली.

“पहिली फळी!” गिलफॉयल ओरडला.

आणि रोवेना हेल, अंगावरचा गाऊन सावरत, चटकन निळ्या पट्टीवरून खाली उतरली. बाजूला जाऊन भिंतीपाशी उभी राहिली, वाट मोकळी करून, कोण येतंय ते बघत.

कोणीच येत नव्हतं. सगळं दालन तिच्याकडे बघत होतं. खुणेवर उजेड पडला होता, नीट, जुळवलेला, रिकामा.

“रोझी,” ऑटो हळूच म्हणाला, “तूच आहेस ती. ये.”

ती परत गेली आणि पट्टीवर उभी राहिली. जागा गरम होती.